गाडीला थंडी वाजते

आबासाहेब लवट्यांनी किल्ली फिरवली, गाडी दोनदा खोकली आणि शेजारच्या दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर करडी झाली.

"आबासाहेब!" गच्चीतून शेजारच्या निवेदिताबाईंचा आवाज आला. "कालच धुतली हो मी ती!"

"धूर न्हाई तो, वाफ हाय. थंडीचे दिवस हायत," आबासाहेब खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले.

"काळी वाफ?"

आबासाहेबांनी मान आत घेतली आणि काच वर केली.

गाडी जुनी होती. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, त्या सुरुवातीच्या दिवसांतली. आबासाहेब पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. निवृत्त झाल्यावर निरीक्षण करायला कालवा उरला नाही, तेव्हा जुळे सोलापुरातल्या घराच्या फाटकाशी उभी असलेली ही गाडी त्यांच्या तावडीत सापडली. रोज सकाळी बॉनेट उघडून ते आत डोकं घालून उभे राहत. काय बघत ते त्यांनाच माहीत, पण कुणी विचारलंच तर "सगळं जागच्या जागी हाय" असं सांगत. दिवाळी झाल्यापासून मात्र काहीतरी जागच्या जागी नव्हतं. गाडी काळा धूर टाकत होती, आत बसलं की पेट्रोलचा वास डोक्यात जात होता आणि टाकीला जणू तळच उरला नव्हता.

"कुटंतरी पाणी मुरतंय," आबासाहेब म्हणत. जन्मभर कालव्याच्या फुटलेल्या चाऱ्या शोधलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! "पण इंजिनाला नाव ठेवू नका. काटा बघा, कसा खाली झोपलाय. आन् फॅन? न दमता चालतोय बिचारा."

सोलापूरकराला गाडीबद्दल एकच भीती असते, ती तापेल ही. इथे उन्हाळ्यात माणूस तापतो, पत्रा तापतो, नळाचं पाणीसुद्धा तापूनच येतं, तिथे गाडीची काय कथा! त्यामुळे तापमानाचा काटा खाली दिसला की माणूस देवाला हात जोडतो. गाडी थंड राहते यातच काही खोट असेल, हे या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

शंका होती ती फक्त बोक्याला. लवट्यांचा बोका दर हिवाळ्यात, गाडी बाहेरून आली की ऊबदार बॉनेटवर अंगाचं मुटकुळं करून पडायचा. यंदा तो उडी मारून वर जायचा, एक पंजा टेकवायचा आणि तोंड वाकडं करून कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसायचा. "पेट्रोलचा वास सोसत न्हाई त्याला," आबासाहेब म्हणाले. बोक्याने खुलासा केला नाही.

बजाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे ऐकत होत्या, आणि भाकरी थापणारा त्यांचा हात थांबला होता. नवऱ्यापासून लपवलेली एकच गोष्ट त्यांच्या आयुष्यात होती आणि ती नेमकी या गाडीशी जोडलेली होती.

झालं होतं असं. गेल्या उन्हाळ्यात दोघं बजाबाईंच्या माहेराहून, सांगोल्याहून, परत येत होते. दिवस मावळत होता. रस्त्याच्या कडेला कडब्याची ट्रॉली उभी होती, ती आबासाहेबांना अगदी टेकेपर्यंत दिसलीच नाही. बजाबाई ओरडल्या तेव्हा ब्रेक लागला. "दिसली हुती मला," आबासाहेब म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की आबासाहेब पेपर हातभर लांब धरून मोठ्यांदा वाचून दाखवायचे आणि निम्मी बातमी मनानेच रचायचे. बजाबाई काय समजायचं ते समजल्या. "आता तुमी चालवू नका" हे चार शब्द नवऱ्याला सांगायचा त्यांना धीर होईना. एवढ्या ऐटीने हिंडलेल्या माणसाच्या हातातून किल्ली काढून कशी घ्यायची? जीव होता हो त्यांचा नवऱ्यावर.

मग "भजनी मंडळात जाते" असं सांगून त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊ लागल्या. साठीला टेकलेल्या बाईला लायसन्स मिळालं, ते त्यांनी देवघरात पोथीखाली ठेवलं. दुपारी जेवण झालं की आबासाहेब आडवे होत आणि घोरू लागत. घोरणं लयीत आलं की बजाबाई फाटक हळूच उघडत, हॉर्नला कुंकवाचं बोट लावत आणि वस्तीच्या टोकाच्या मोकळ्या रस्त्यांवर गाडी फिरवून आणत. हात एकदा बसला की सांगोल्याचा रस्ता धरायचा आणि नवऱ्याला ऐटीत शेजारी बसवून न्यायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला, दुपारच्या उन्हात दुसऱ्या गिअरमध्येच फिरवल्यामुळे गाडी तापली आणि बॉनेटमधून वाफ आली. घाबरून बजाबाईंनी ती थेट चनबसप्पाच्या गॅरेजात नेली. चनबसप्पा लवट्यांचा जुना मेकॅनिक. त्याने आजवर सोलापुरातल्या असंख्य गाड्यांना जे औषध दिलं, तेच हिलाही दिलं.

"फॅन डायरेक्ट करतो, म्हंजे सारखा फिरत ऱ्हाईल, आन् थर्मोस्टॅट काढून टाकतो, वैनी. गाडी तापायचं नाव काढणार न्हाई."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन नीट गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी लहानशी झडप. चनबसप्पाच्या मते ती कारखानदारांनी थंड मुलखातल्या लोकांसाठी बसवलेली होती, आणि सोलापुरात तिचं काही काम नव्हतं.

"पर ह्यांना कळू द्यायचं न्हाई. गाडी मी आणली हुती हे बी," बजाबाई म्हणाल्या.

"सिद्धरामेश्वराची आण, वैनी. जीभ तुटली तरी बोलणार न्हाई."

आणि आता ही काळी वाफ!

आबासाहेबांनी तपास सुरू केला. पहिला संशय पेट्रोल पंपावर गेला. पंप बदलला, धूर बदलला नाही. मग सगळ्या कॉलनीने मतं दिली. कुणी रॉकेलची भेसळ म्हणालं, कुणी उंदरानं वायर खाल्ली म्हणालं, आणि निवेदिताबाईंनी गाडी दुसऱ्या गल्लीत लावून बघा असं सुचवलं. शेवटी आबासाहेब बायकोला घेऊन चनबसप्पाकडे गेले. नवरा-बायको एकाच गाडीतून उतरताना पाहून चनबसप्पाच्या हातातला पाना खाली पडला.

"दोगंबी आलात व्हय?"

"का? दोगांनी यायला बंदी हाय का काय?" आबासाहेब म्हणाले.

"छे छे. या की. बसा. च्या सांगू?"

त्याने प्लग काढले. ते काजळासारखे काळे होते. "सायेब, पेट्रोल जास्त जातंय आन् हवा तेवढीच हाय. त्याला रिच मिक्श्चर म्हणत्यात."

"म्हंजे शेत तेवढंच, आन् पाणी सोडलंय दुप्पट. मग दार उघडं टाकतंय कोण?"

चनबसप्पाने बजाबाईंकडे पाहिलं, मग आबासाहेबांकडे पाहिलं, आणि शेवटी भिंतीवरच्या सिद्धरामेश्वराच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाला, "प्लग बदलू या की, सायेब."

प्लग बदलले. पुढच्या खेपेला एअर फिल्टर बदलला, त्यापुढच्या खेपेला इंजेक्टर साफ केले. दरवेळी दोन दिवस बरे जात. मग आबासाहेब "जरा चनबसप्पाकडं जाऊन येतो" म्हणून एकटेच गाडी घेऊन जात, आणि परत येत तेव्हा गाडी आधीपेक्षा जोमाने धूर टाकत असे. बजाबाईंनी एका दुपारी चनबसप्पाला गाठून विचारलंही, "ते काढलंस त्यामुळं तर न्हवं?"

"अय्यो, त्याचा काय संबंध, वैनी? अख्ख्या सोलापूरच्या जुन्या गाड्यांतलं काढलंय मी. हिची गडबड येगळीच हाय. मी हिकडनं..." एवढं बोलून त्याने तोंडावर हात ठेवला आणि तो दुसऱ्या गाडीखाली सरकला.

कळस झाला तो नवी पेठेत. भाचीच्या लग्नाच्या साड्या बघायला म्हणून दोघं निघाले आणि भर गर्दीत गाडी बंद पडली. पुन्हा सुरू करताना आबासाहेबांनी ॲक्सिलरेटर दाबला, तसा मागे असा काही ढग उठला की समोरच्या दुकानदाराने बाहेर टांगलेल्या साड्या धावत आत नेल्या. गिऱ्हाइकं पदर नाकाला लावून उभी राहिली. मागचा रिक्षावाला खाली उतरला आणि मोठ्या आदबीने म्हणाला, "चाचा, मच्छर मारने की गाडी मुन्शिपाल्टी ने आप को कब दिए?"

सगळी पेठ हसली. आबासाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पीयूसीवाल्याने गाडीच्या नळकांड्यात आपली नळी घातली, आकडा पाहिला आणि नळी काढून पुसत बसला. संध्याकाळी पुण्याहून मुलाचा, शिवराजचा, फोन आला. "पप्पा, आता तरी विका ती. आणि या वयात गाडी चालवायची गरजच काय?"

आबासाहेब रात्री जेवले नाहीत. सकाळी चहा घेताना म्हणाले, "विकतोय गाडी. टेंभुर्णीच्या बापूसाहेबांना सांगितलंय, उद्या यायलेत."

बजाबाईंनी बशी खाली ठेवली. "अवं, एवढ्यात? अजून करून बघू की काहीतरी."

"न्हाई. एकट्या माणसानं लांब घेऊन जावी अशी ऱ्हायली न्हाई ती. भरवसा गेला."

एकटा माणूस म्हणजे ते स्वतःच, असं बजाबाईंना वाटलं. भांडी घासताना त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. लायसन्स पोथीखालीच राहणार. सांगोल्याला जायचं तर कुणाच्या तरी मागे लागायचं. खरं सांगावं तर नवऱ्याला डोळ्यांबद्दल बोलावं लागणार. काय करावं ते त्यांना कळेना.

बापूसाहेब दुसऱ्या दिवशी आले. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत केस पांढरे झालेला, गलमिशा राखलेला माणूस. गाडीचा इतिहास सांगायला चनबसप्पालाही बोलावलं होतं. तो फाटकाशीच अंग चोरून उभा राहिला. बापूसाहेबांनी गाडी घेतली, विजापूर रस्त्याने दूरवर जाऊन आले, खाली उतरले आणि त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. भिंतीवरचा बोका पुढे सरकून बघू लागला.

"आबासाहेब, एवढी हिंडून आली आन् बॉनेट गारच की वं!"

"आमची गाडी तापतच न्हाई," आबासाहेब अभिमानाने म्हणाले. विकताना का होईना, गाडीचं एक तरी कौतुक सांगता आलं.

"आवं, तितंच तर घोडं पेंड खातंय! हिच्यात कॉम्प्युटरचा एक डबा आस्तो. पाणी गार लागलं म्हंजे गाडी आत्ताच चालू झालीया, सकाळ हाय, आसं त्याला वाटतं. सकाळी इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, म्हून तो जास्त सोडतो. पाणी तापलं की हात आखडता घेतो. तुमचं पाणी तापतच न्हाई, म्हंजे त्याची सकाळ सरतच न्हाई. ही गाडी आजारी न्हाई. हिला थंडी वाजतीया!"

"सोलापुरात?" आबासाहेब आणि चनबसप्पा एकदमच म्हणाले.

बापूसाहेब बॉनेट उघडून वाकले. "थर्मोस्टॅट काढलंय. फॅन डायरेक्ट. आन् ही बघा गंमत. हा पेट्रोल वाढवायचा स्क्रू कुणी एवढा पिळलाय? आधीच थंडीनं पेट्रोल जास्त, त्यात ह्यो वरनं ओततोय. कुणाचं काम हे?"

बजाबाई पदराचं टोक पिळू लागल्या. आबासाहेब चष्मा पुसू लागले. बापूसाहेब चनबसप्पाकडे वळले.

"तू सांग. तुज्याशिवाय कुणी हात लावलाय का हिला?"

"मला काय इचारू नका, बापूसाहेब."

"का? सिद्धरामेश्वराची आण घेऊन खरं सांग."

चनबसप्पा मटकन पायरीवर बसला. "यप्पा! त्याचीच आण दोन डाव घेतलीया मी! एक वैनींना दिलीया, एक सायबांना दिलीया. आता तिसरी कुटं ठेवू?"

"सायबांना?" बजाबाई म्हणाल्या.

"वैनींना?" आबासाहेब म्हणाले.

निवेदिताबाई गच्चीच्या कठड्यावरून आणखी खाली वाकल्या.

बजाबाईंनीच सुरुवात केली. खाली बघत म्हणाल्या, "गाडी मी दुपारची न्हेत हुते. लायसन काढलंय मी. दसऱ्याला गाडी तापली, म्हून मीच ह्याला ते काढायला लावलं. रागवा आता काय रागवायचं ते."

"न्हेतीस ते ठाऊक हाय मला," आबासाहेब म्हणाले.

"कवापास्नं?"

"पयल्या दिवसापास्नं. सीट पुढं ओढलेली ऱ्हायची, संध्याकाळी माझे गुडघे आपटायचे. आन् हॉर्नवर कुंकू. रोज पुसतोय मी ते."

"मग दुपारी घोरत हुता ते?"

"घोरत हुतो की. झोपलो नव्हतो." आबासाहेबांनी गच्चीकडे बोट दाखवलं. "तू गेलीस की गच्चीवर जाऊन उभा ऱ्हायचो. गाडी परत वळली की आवाजावरनं कळायचं, मग पळत येऊन आडवा व्हायचो. धूर सुरू झाला तेव्हा आदी बरंच वाटलं मला. लांबनं दिसायला लागलीस."

बजाबाईंना हसावं की रडावं तेच कळेना. "आन् ह्यो स्क्रू?"

"एकदा रिक्षा करून तुज्या मागं आलो हुतो. आसरा चौकात तुजी गाडी बंद पडली. मागचे सगळे हॉर्न मारत हुते आन् तू घाम पुसत हुतीस. माजा जीव खालीवर झाला. म्हटलं पेट्रोल जरा वाढवलं तर बंद पडायची न्हाई. ह्याला सांगितलं, वैनींना कळू देऊ नको."

"आन् मी धूर बघून गुपचूप कमी करायचो," चनबसप्पाने पायरीवरून तक्रार केली, "तर सायेब लगेच येऊन परत वाढवायचे. मला काय वेड लागायचं ऱ्हायलं हुतं!"

"मग विकायला का काढली?" बजाबाईंनी विचारलं.

"सांगोल्याच्या वाटंला मधीच बंद पडली तर? तू एकटी. मी शेजारी असलो तरी काय कामाचा?" चष्मा पुसून झाला होता, तरी आबासाहेब पुसतच राहिले. "मला लांबचं दिसत न्हाई आता, बजे."

"ठाऊक हाय मला. कडब्याच्या ट्रॉलीपास्नं ठाऊक हाय," बजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या हातातला चष्मा घेऊन स्वतःच्या पदराने पुसला.

दोघांकडेही अर्धं अर्धं निदान होतं. एका चहाच्या वेळात बोलले असते तर निवेदिताबाईंची चादरसुद्धा करडी झाली नसती. पण एकमेकांना जपायच्या नादात या दोघांनी गाडीला पार न्यूमोनिया करून ठेवला होता.

बापूसाहेबांनी खाकरून सर्वांना व्यवहारावर आणलं. "एवढंच आसंल तर गाडी झ्याक हाय. सांगितल्यापेक्षा जास्त देतो. बोला."

"गाडी विकायची न्हाई," आबासाहेब म्हणाले.

"मग मला टेंभुर्णीवरनं कशाला बोलावलं?"

"जेवायला," बजाबाई म्हणाल्या. "भाकरी आन् शेंगाची चटणी हाय. दही बी हाय. बसा."

बापूसाहेब बसले. एवढं खरं निदान करूनही त्यांना गाडी मिळाली नाही, हे दुःख त्यांनी चार भाकरींत बुडवलं. चनबसप्पा जेवता जेवता म्हणाला, "दोन्ही आणा मोडल्या. आता सिद्धरामेश्वराच्या तळ्यावर जाऊन नारळ फोडायला पायजे."

"तीन फोड," बापूसाहेब म्हणाले. "एक अख्ख्या सोलापूरच्या थर्मोस्टॅटांसाठी."

चनबसप्पाने नवी झडप बसवली, फॅनची वायर पूर्ववत केली, स्क्रू मूळच्या जागी आणला आणि गाडी सुरू केली. हळूहळू काटा वर सरकू लागला. तो मध्यावर आला तसे आबासाहेब ओरडले, "बंद कर! बंद कर! तापली!" त्यांना समजावता समजावता बजाबाईंची दमछाक झाली. धूर मात्र दिसेना. निवेदिताबाईंनी खात्रीसाठी दोरीवर आधी एक जुनं फडकं वाळत घातलं, आणि मग चादर. बोका भिंतीवरून उतरला, त्याने बॉनेटवर पंजा टेकवला, थोडा विचार केला आणि गोल वळून तिथेच पसरला. पीयूसीचा कागद नंतर आला. लवट्यांच्या घरी खरा दाखला मिळाला तो बोका बॉनेटवर पसरला तेव्हाच.

पुढच्या रविवारी दोघं सांगोल्याला निघाले. बजाबाईंनी पोथीखालचं लायसन्स काढून पर्समध्ये ठेवलं आणि सगळ्यांदेखत हॉर्नला कुंकू लावलं. आबासाहेब डाव्या बाजूला बसले. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन झाली होती, त्याबद्दल मात्र कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं.

"मी बोललो तर तुजं ध्यान जाईल," आबासाहेब म्हणाले. "मी आपला झोपतो. माजा भरवसा हाय तुज्यावर."

त्यांनी मान मागे टाकली आणि गाव सुटायच्या आत ते घोरू लागले. बजाबाईंनी मान वळवून एकदा पाहिलं. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, घोरणं अगदी लयीत. त्यांना फार बरं वाटलं.

मंगळवेढ्याच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. या रस्त्यावरचे गतिरोधक आबासाहेबांना तोंडपाठ होते. तो जवळ आला तसा घोरण्यात जराही खंड न पडता त्यांचा उजवा पाय उचलला गेला आणि समोरच्या मोकळ्या पत्र्यावर जोरात दाबला गेला.

बजाबाईंनी वेग कमी केला. गाडी अलगद वर चढून खाली उतरली. पत्र्यावरचा पाय हळूच सैल पडला.

"झोपा निवांत," बजाबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "दिसला हुता मला."

घोरणं आणखी मोठं झालं.